काळी गाय की राजा

मुलाच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं, की तुमच्या गावाचं नाव एका काळ्या गाईवरून पडलंय.

'होणाऱ्या' हा शब्द तेव्हा जरा घाईचाच होता. मुलीचे आईवडील दक्षिण आफ्रिकेतून, प्रिटोरियाहून, बहरीनला आले होते ते आम्हाला पारखायला. मुलगी इथल्या शाळेत शिकवते, आमचा मुलगा बँकेत. वडिलांनी होकार दिला तरच ती लग्न करणार होती. मुलाने मला बजावलं होतं, "बाबा, प्लीज, तुम्ही फक्त ऐका."

पण समोर सोयरे बसलेत आणि मूळ गावाचा विषय निघाला नाही, तर माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. शिवाय दुपारी ऑफिसात काम सोडून मी मोबाइलवर वाचून ठेवलं होतं: प्रिटोरियाला तिकडच्या भाषेत त्श्वाने म्हणतात, आणि ते नाव दुष्काळात पाऊस मागताना आणलेल्या काळ्या गाईवरून आलं असावं. त्यातलं 'असावं' घरी येताना तुबलीच्या ट्रॅफिकमध्ये कुठेतरी सांडलं.

"गाय?" त्यांनी कोथिंबीरवडी परत ताटात ठेवली. "आमच्या घरात ते एका राजाचं नाव आहे."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी एसीकडे.

तेवढ्यात मुलीची आई हसली. "यांच्या घरात राजा. माझी आजी गायच सांगायची. लग्न झाल्यापासून हेच भांडण चालू आहे."

"तिसरे काहीजण म्हणतात, 'आपण सगळे सारखे' असा अर्थ आहे," ते म्हणाले. "ऐकायला इतकं गोड, की मला ते अजिबात खरं वाटत नाही. तुमच्या गावाचं काय?"

मी सरसावलो. आमच्या गावाचं नाव तिथल्या लेण्यावरून पडलं, आणि ते लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलं.

"अहो, काहीतरीच!" स्वयंपाकघरातून बायको. "पांडव आमच्या गावाला राहिले होते. यांच्या गावाला तेव्हा रस्ता तरी होता का?"

मुलाने भीतभीत भाषांतर केलं. मुलीच्या वडिलांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतके हसले. मग ती वडी खाल्ली, आणखी दोन मागितल्या.

ते दोघं, एक आजीच्या गाईच्या आणि एक राजाच्या बाजूने, पुन्हा सुरू झाले, तेव्हा मी खरोखरच नुसता ऐकत बसलो. त्या जागेला पहिल्यांदा ज्याने त्या नावाने हाक मारली, तो कारण सांगून गेलेला नाही. तिकडे नाही, आमच्याकडेही नाही. आमची गावची जमीन काकांनी कधीच विकली. पण भांडायला अजून नाव आहे, आणि त्यासाठी माणूस इतक्या लांब येऊनही आवाज चढवतो.

निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "लग्नात भाषण तुम्हीच करा. फक्त गाय नको."

दार लागल्यावर बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, "विहीणबाई आहेत म्हणून निभावलं. आणि उद्या व्याह्यांना फोन करून सांगा, पांडव आमच्याच गावाला राहिले होते."