फुटाळ्यावर मारलेल्या हाका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या बाळूला, माझ्या धाकट्या भावाला, तर नाहीच. तुमची-माझी ओळख ना पाळख, म्हणून कदाचित जमेल. मध्येच मी विषय बदलायला लागले तर समजून घ्या की घाबरले. मी तशीच आहे.

आमच्याकडे एक कुत्रा होता. — बघा, लगेच सोपं करून टाकलं. 'होता' म्हटलं की वाटतं, म्हातारा होऊन गेला असेल बिचारा.

त्याचं नाव हवालदार. गावठीच, पण रंग खाकी आणि चाल अशी की सगळा रस्ता याच्याच ताब्यात. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. धंतोलीत एका दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आई तिथेच नर्स होती. बाबा शाळेत पीटीचे मास्तर, गळ्यात कायम शिट्टी, भाजी आणायला जातानासुद्धा. रविवारी घरात बसणं हा बाबांच्या लेखी आजार होता. उजाडता उजाडता आमच्या तीन सायकली निघायच्या. बाळू बाबांच्या दांडीवर, आईच्या हँडलला भाकरीचा डबा, आणि सगळ्यांच्या पुढे हवालदार. अंबाझरी तलावात तो पोहायचा, फुटाळा तलावावर म्हशींना शिस्त लावायचा. रामटेकला एका माकडिणीनं त्याच्या कानफटात ठेवून दिली, तेव्हापासून देवळाच्या पायऱ्या दिसल्या की साहेब आईच्या पदराआड. संत्र्याची फोड खायचा आणि बी थुंकायचा. खोटं वाटलं तर वाटू द्या, एवढं तरी मी खरं सांगतेय. बाबांनी फाटक्या फुटबॉलचं चामडं कापून त्याला पट्टा शिवला होता. शिट्टी वाजली की जिथे असेल तिथून तो धावत यायचा.

घरात नियम दोनच होते. फुटाळा ओलांडून गोरेवाड्याच्या जंगलाकडे वळलं की हवालदाराला साखळी. आणि कुठलंही जनावर चावलं, आपल्याला किंवा त्याला, तर तिथल्या तिथे सांगायचं. हा दुसरा नियम आईचा. पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक माणूस तिनं दवाखान्यात पाहिला होता. "पाण्याचा पेला दिसला ना, तं किंचाळत होता तो," एवढंच ती सांगायची.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळं माहीत होतं.

जानेवारीतला रविवार. माझं मॅट्रिकचं वर्ष. गोरेवाड्याच्या वाटेवर साखळी माझ्या हातात होती, आणि बोराट्या नुसत्या लदबदल्या होत्या. बोरं तोडायला दोन्ही हात लागत होते. मी साखळी सोडली. एवढंच कारण, बोरं. आई-बाबा, बाळू पुढे गेले होते. समोरून एक कुत्रं आलं, मान तिरकी, तोंडातून लाळ, कुणाकडे न बघता चालत. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. हवालदाराच्या मागच्या मांडीला कडकडून चावलं आणि तसंच चालत निघून गेलं.

मी नाल्यावर रक्त धुतलं. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, बोराटीचा काटा लागला. घरी येऊन आईनं स्वतःच्या बोटांनी त्याला टिंचर लावलं. तिच्या अंगठ्याला विळीनं कापलेलं होतं. मी ते बघत उभी होते.

काहून नाही सांगितलं? आईनं हेच विचारलं असतं, याच शब्दांत. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की सांगितलं असतं तर हवालदाराला मारून टाकलं असतं, म्हणून त्याला वाचवायला मी गप्प राहिले. हे छान वाटतं ऐकायला. पण खरं ते नाही. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, सगळ्या घराला घ्यावी लागली असती, आणि मला सुईची भीती वाटायची. आणि बाबा म्हणाले असते, साखळी तुझ्या हातात होती ना? बस. यापलीकडे काही नव्हतं.

मग दिवस मोजणं सुरू झालं. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो, एवढं मला पाठ होतं. म्हणून मी दिवसातून पाच-सहा वेळा हवालदारासमोर पाण्याचं भगुणं ठेवायची आणि उकिडवी बसून बघायची. प्यायला की माझा जीव भांड्यात पडायचा. तासाभरात पुन्हा वर यायचा.

"काहून वं नंदे, त्याले इतकं पाणी काहून पाजून राहिली?" आई म्हणाली. "घरभर मुतून ठेवते ना तो!"

सगळे हसले. मीही हसले. बाळू तेव्हा आठ वर्षांचा होता, गुडघे कायम फुटलेले. हवालदार त्याचे गुडघे चाटायचा. अर्धं बिस्कीट बाळूच्या तोंडात, अर्धं त्याच्या. मी ओरडायची, त्याला दूर कर म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, "ताई परीक्षेनं पागल होऊन राहिली." मी पुस्तक उघडायची आणि पान वाचून झालं तरी काय वाचलं ते कळायचं नाही.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी हवालदार पाणी प्यायला नाही. भगुण्यापर्यंत आला, तोंड घातलं आणि मागे सरला. तोंड अर्धं उघडं, लाळेची तार. भाकरी ठेवली तीही नको. पंजानं सारखं तोंड घासत होता. आई ड्यूटीवर, बाबा आणि बाळू शाळेत, घरात मी एकटी. अजूनही वेळ होती, हे तुम्हाला कळतंय ना? दवाखाना भिंतीपलीकडे होता. दहा पावलं. आईला हाक मारली असती तर तिनं ऐकली असती.

मी सायकल काढली.

फुटाळ्याच्या उलट दिशेला, हुडकेश्वरकडे. तेव्हा तिकडे शेतंच होती, घर क्वचित. तो सायकलच्या उजव्या बाजूनं धावत होता, रविवारी धावायचा तसा. आज रविवार कसा काय आला, याचाच त्याला आनंद झाला असावा. एका संत्र्याच्या बागेशी कुडाची झोपडी होती, आत कुणी नव्हतं. मी हाताला टॉवेल गुंडाळून त्याचा पट्टा काढला. पट्ट्यावरून कुणी आमच्या घरापर्यंत पोचू नये म्हणून. तो माझा हात चाटायला आला आणि मी हात झटकला. त्याला आत ढकललं, दार ओढलं, बाहेरून तारेचा आकडा अडकवला. पट्टा बाजूच्या विहिरीत टाकला. तो भुंकला नाही. त्याला वाटलं असेल, नंदा लपाछपी खेळतेय.

पुढचं सांगणं जड जातंय. दार लावताना माझ्या मनात आलं होतं की हे दार कुणीतरी उघडेल. शेतातलं माणूस असेल, एखादं लेकरू असेल. आणि आत पिसाळलेला कुत्रा. 'नकळत झालं' असं मला म्हणता येत नाही. मनात आलं होतं, आणि मी सायकलवर बसले.

घरी सांगितलं, फुटाळ्यावर फिरायला नेला होता, म्हशींच्या मागे पळाला, दिसेनासा झाला. बाळू जेवला नाही. बाबा तसेच सायकल घेऊन फुटाळ्याला गेले. त्यानंतर आमचे रविवार फक्त शोधण्याचे झाले. फुटाळा, गोरेवाडा, पुन्हा फुटाळा. बाबा शिट्टी मारायचे, थांबायचे, कान द्यायचे. आणि मी — मीही हाका मारायची. तोंडाशी दोन्ही हात धरून. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे हे माहीत असताना.

परीक्षा संपली. दोन महिने होऊन गेले होते. पिसाळला असता तर आतापर्यंत मेला असता, हा हिशेब मी शंभर वेळा केला होता. एका शनिवारी दुपारी हुडकेश्वरला गेले. काय बघायला गेले होते, मला ठाऊक नाही. झोपडीपुढे एक बाई तूर पाखडत होती. तिच्या दोन लहान पोरी मातीत खेळत होत्या, आणि त्यांच्या मधोमध पोट वर करून हवालदार लोळत होता.

त्यानं माझा वास घेतला असेल. उठला, आणि असा आला की मी सायकलसकट पडता पडता वाचले. उड्या, कण्हणं, शेपटीबरोबर सगळं अंग हलत होतं.

"तुमचा हाय का वं बाई?" बाईनं विचारलं. "आमच्या झोपडीत कोन्तरी कोंडून गेलं होतं याले. तोंडातून लाळ गळे. पोरी दार उघडाले धावल्या, तं मी घाबरली. माह्या सासऱ्यानं जबडा धरून पाह्यलं, तं हाडूक! टाळूत आडवं फसलं होतं. काढलं, अन् बादलीभर पानी पेला पाहा तो."

हाडूक. तुम्ही ऐकलंत ना? हाडाचा तुकडा. माझ्या आईनं दोन बोटांनी काढला असता.

आता भीती कसलीच उरली नव्हती. त्याला सायकलमागे घ्यायचं आणि घरी जायचं. बाळूनं रस्त्यावरच लोळण घेतली असती. पण घरी विचारलं असतं, कुठे सापडला? हुडकेश्वरला कसा गेला? पट्टा कुठे आहे?

"नाही," मी म्हणाले. "माझा नाही."

"मंग तुमच्याच अंगावर काहून उड्या मारून राहिला?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी सायकल वळवली. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं.

मी निघाले. तो उजव्या बाजूनं धावायला लागला. मग पुढे गेला, रस्ता मोकळा करत, अधूनमधून मागे वळून बघत. मोठ्या सडकेपर्यंत आला. तिथे मी उतरले, खाली वाकले आणि दगड उचलला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की नुसता उचलला. तसं नाही. मारला. पुढच्या पायाला लागला. तो ओरडला नाही. पाय वर धरून तिथेच उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरा उचलला, तेव्हा तो वळला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही फुटाळ्याला गेलो. बाबांनी शिट्टी मारली, थांबले, कान दिले. बाळूचा आवाज हाका मारून बसला होता. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "नंदा, तू मार वं हाक. तुह्या आवाजाले येईन तो."

मी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि हाक मारली. चांगली जोरात मारली.