सात वाजताचा मिस्ड कॉल

बाहेर उणे तीस, घरातली वीज गेलेली. सांगा, सगळ्यात आधी काय कराल?

अमेरिकेत, मिनेसोटाच्या या टोकाला, आमच्या छोट्या गावात नवं मराठी कुटुंब आलं की मी हे विचारतेच. मोठं हॉस्पिटल दीड तासावर आहे, म्हणून प्रश्न गमतीचा नाही. पण उत्तरं अशी साठत गेलीत की आधी हसू येतं आणि मग काळजी वाटते.

*

निखिल पुण्याचा, इथल्या खाणीच्या ऑफिसात आयटीत. म्हणाला, "सिंपल आहे मावशी. पॉवर कंपनीच्या अ‍ॅपवर कंप्लेंट टाकीन."

"आणि वायफाय?"

"अरे हो... ते पण जाईल ना!"

*

फायर डिपार्टमेंटच्या लिंडाने सगळ्यांना सांगितलं, तीन दिवसांचं खाणं एका डब्यात भरून ठेवा. न शिजवता खाता येईल असं. निखिलच्या बायकोने, स्वातीने, तांदूळ आणि मुगाची डाळ भरली.

"अगं, हे शिजवावं लागतं!"

"मग? कुकर ठेवलाय की खाली!"

शेगडी विजेवरची! पुढच्या वेळी तिने लाडू-चिवडा भरला. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआतच डबा रिकामा. निखिल म्हणे, "इमर्जन्सीच होती. भूक लागली होती."

*

दुसऱ्यांना काय हसू, माझंही ऐका. माझं किराण्याचं छोटं दुकान आहे. फ्रीझर बंद पडला तर माल वाया, म्हणून आम्ही जनरेटर घेतला आणि मागच्या शेडमध्ये नीट झाकून ठेवला. पहिल्याच वादळात वीज गेली. शेडचं दार बाहेर उघडणारं आणि पुढे कमरेएवढा बर्फ.

"फावडं कुठंय?" मी विचारलं.

सतीश, माझा नवरा, शेडच्या दाराकडे बघत म्हणाला, "सेफ आहे!"

तेव्हापासून आमचं फावडं घरात असतं, चपलांशेजारी.

*

मग लिंडाने घरोघरी कागद दिले. घर सोडावं लागलं तर कुठे जाल? गावात मराठी घरं चार. तीन कागदांवर एकच उत्तर, सुधाकाकूंकडे. त्यांचा गॅसचा हीटर विजेशिवाय चालतो. आणि खरं सांगू? तिथे गेलं की बरं वाटतं.

सुधाकाकू शहात्तरच्या. काका गेल्यापासून गावाबाहेर तळ्याकाठी एकट्या राहतात. फुफ्फुसं कमजोर, ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. वीज गेली तर जवळ एकच सिलिंडर, सहा तासांचा.

लिंडाने कागद खाली ठेवले. "तुम्ही सगळे तिच्याकडे जाणार. तिच्याकडे कोण जाणार?"

काकूंच्या कागदावर लिहिलं होतं, "मी घरीच."

*

शेवटी ठरलं, काकूंनी रोज सकाळी सातला मला फोन करायचा.

"जिवंत आहे हे रोज काय सांगायचं? मिस्ड कॉल देईन. उचलायचा नाही हं!"

लिंडाला हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

"ती फोन करणार आणि तू उचलायचा नाही?"

"नाही."

"उचललास तर?"

"रागावते."

*

यंदा जानेवारीत वादळ आलं. दुपारी दोनला वीज गेली, रस्ते बंद झाले. मी काकूंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सात वेळा लावला. नाहीच! स्वाती माझ्या दुकानात येऊन बसली होती, ती रडायलाच लागली. सिलिंडर सहा तासांचा, त्यातला दीड तास गेला होता.

मी लिंडाला कळवलं. ती दोन सिलिंडर बांधून बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलवर निघाली. तासाभराने तिचा फोन आला.

"ठीक आहे ती. म्हणते, तुझे सातही मिस्ड कॉल मिळाले."

मी म्हणाले, "घेऊन ये तिला!"

"येत नाही म्हणते. आणि आता बाहेर काही दिसतही नाहीये. मी इथेच राहते. सिलिंडर सकाळपर्यंत पुरतील."

मागून काकूंचा आवाज आला, "अगं, ही तिखट खाते का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या फोनवर दोन मिस्ड कॉल आले. एक काकूंचा, एक लिंडाचा.