थोरल्या साडूंचा तोल

आमच्या थोरल्या साडूंइतका पाण्यात कलंडलेला माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही. माणसं विहिरीत पडतात, कालव्यात पडतात, पण ती चुकून आणि एकदाच. आमचे साडू पाठीला हवेची टाकी बांधून, डोळ्यांवर काच चढवून, कमरेला शिशाचे तुकडे गुंडाळून ठरवून पडायचे, आणि पडल्यावर हमखास कुशीवर वळायचे. बारामतीच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, मित्रांबरोबर मालवणला गेले आणि तिथल्या एका पोरसवदा प्रशिक्षकाने हात धरून त्यांना समुद्राखाली फिरवून आणलं. तेव्हापासून माणूस हातचा गेला. रीतसर शिक्षण झालं, परीक्षाही झाली, पण प्रशिक्षक दर वेळी एकच म्हणायचा, "काका, बाकी सगळं छान, फक्त ट्रिम नाही." ट्रिम म्हणजे पाण्याखाली माशासारखं आडवं, सपाट राहणं. शिसं कमरेखाली सरकलं की पाय बुडतात, फार वर सरकलं की डोकं. साडूंची अडचण आणखी निराळी होती. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय वाळला होता. पाण्यात तो हलका पाय वर तरंगायचा, धडधाकट उजवा खाली जायचा, आणि साडू उसाच्या ट्रॉलीसारखे सावकाश उलटायचे.

या उलटण्यावर उपाय शोधणं हा त्यांचा धंदा होऊन बसला. घरी स्टुलावर पोट टेकून, हातपाय पसरून ते तासन्‌तास पडलेले असत. पाहुणा आला तरी त्याच अवस्थेत "जय भीम, बसा" म्हणत. विहारात वंदनेला बसले तरी खिशातले शिशाचे तुकडे हळूच या मांडीवरून त्या मांडीवर. लोणी भापकरच्या एका लग्नात पंगतीत त्यांनी भाकरीवर कांद्याच्या फोडी मांडून शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला शरीराचा गुरुत्वमध्य समजावला. म्हातारा शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "खावा की मास्तर, गार हुतंय."

सरावासाठी त्यांनी अंथुर्ण्याचं माझं शेततळं धरलं. दर रविवारी साडू पाण्यात, मी काठावर आणि माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, आमची आक्का, छत्री घेऊन बांधावर. साडू खाली जायचे, बुडबुडे यायचे, मग एक पाय पाण्याबाहेर यायचा. आक्काच्या धीराचा एकदा बांध फुटला. "अवो, वर या! जल्मात जिमिनीवर सरळ चालला न्हाय, आन् पाण्यात कुठं सरळ व्हताय?" मला मान वर करवेना. साडूंनी डोकं वर काढून तोंडातली नळी काढली आणि शांतपणे म्हणाले, "जिमिनीवरचं माज्या हातात न्हवतं. हितं शिसं माज्या हातात हाय." त्यावर आक्का छत्री मिटून नुसती उन्हात उभी राहिली.

पुढच्याच रविवारी ते हातातलं शिसं निसटलं आणि त्याच्या कोपऱ्याने तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटला. ऐन उन्हाळ्यात माझ्या डाळिंबांचं सगळं पाणी जमिनीत गेलं. मी कपाळाला हात लावून बसलो, तर साडू उघड्या पडलेल्या तळाकडे बघत म्हणतात, "पाव्हणं, शिसं पडलं बगा बरुबर वाळक्या पायाच्याच जागंला." मग दिवसभर चिखलात रांगत त्यांनीच कागदाला ठिगळं लावली. मला रागावायची सोयसुद्धा ठेवली नाही.

तळं बंद झालं म्हणून त्यांनी लासुर्ण्याला एका नातेवाइकाची विहीर गाठली. साडू खाली, वर बुडबुडे, आणि शेजारच्या रानातली एक बाई पाणी बघायला आली. तिने जी बोंब ठोकली, त्यावर अर्धं गाव जमलं. मी सांगतोय ते कुणी ऐकेना. चार दोर बांधून बाज खाली सोडली, बुडालेल्या मास्तरांना तीवर घालून वर ओढलं. आजवरच्या सगळ्या प्रयत्नांत साडू पहिल्यांदा सपाट आले ते त्या बाजेवर! गाव हसलं, मीही हसलो. साडू मात्र घरी आल्यावर दारात उतरताना म्हणाले, "आता बास झालं, पाव्हणं." इतका थकलेला त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

महिनाभर शिसं कोपऱ्यात पडून होतं. शेवटी आक्कानेच जुन्या जीनच्या कापडाची एक अरुंद पिशवी शिवली, त्यात लहानसे दोन तुकडे भरले आणि त्यांच्या वाळक्या घोट्याला बांधून पाहिली. "एकडाव जाऊन या," म्हणाली, "मग इकून टाका समदं."

मी सोबत मालवणला गेलो. साडूंना सर्दी होती. प्रशिक्षकाने होडीत विचारलं, "काका, नाक मोकळं आहे ना?" नाक चोंदलेलं असलं तर खोल पाण्यात कान फुटू शकतो, हे विज्ञानाच्या मास्तरांना मी काय सांगणार? ते "व्हय" म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पाण्यात उतरले. मी जाकीट घालून, तोंडावर काच लावून वरून बघत तरंगत होतो. खाली गेल्यावर त्यांनी कमरेचा एक तुकडा टाकीच्या पट्ट्यात, खांद्याजवळ सरकवला. थोडे डगमगले. मग डगमगणं थांबलं. पाय शेजारी शेजारी, पाठ सरळ, हात पोटाशी. एक मासा त्यांच्या काचेसमोर आला, थबकला आणि निघून गेला. साडू हलले नाहीत.

वर आले तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होतं आणि ते हसत होते. बारामतीच्या डॉक्टरांनी पुन्हा पाण्याखाली जायला कायमची बंदी केली. त्या कानाने ऐकू येणंही जवळजवळ गेलं. आक्का रडली, मला बोलली, सगळं सामान मालवणला परत पाठवलं.

परवा तळ्यावर आम्ही दोघं बसलो होतो. डाळिंबांचं काहीतरी मी बराच वेळ सांगत होतो. त्यांचं लक्ष पाण्याकडे. मध्येच ते आपणहून बोलले, "तितं खाली आवाजच न्हवता, पाव्हणं. जरा बी न्हवता." मग डाव्या कानावर तळवा ठेवून म्हणाले, "ह्या कानात आजून हाय बगा ते."

मी उठलो आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.