गोडादरा ते जर्मनी, व्हाया एक काच

जर्मनीला जायचं पक्कं झालं तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो वजनाचा. मोठी बॅग तेवीस किलोची, हातातली आठ किलोची. आईने गल्लीतल्या भंगारवाल्याचा काटा मागून आणला, बॅग त्यावर ठेवली आणि बरोब्बर तेवीस भरल्यावर उरलेल्या बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, समाधानाने हातातल्या बॅगेत कोंबल्या. विमानतळावर तीच बॅग पंचवीस भरली. कमी दाखवणं हाच तर भंगारवाल्याच्या काट्याचा धंदा, हे आम्हा दोघींच्या डोक्यात आलंच नाही. तुम्ही किराणावाल्याकडे जा.

मी नर्स. आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. आप्पा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी सुरतेला आले आणि एकतीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले. कान त्या कारखान्यातच गेले. आता कानाशी ओरडलं तर आवाज आल्याचं कळतं, शब्द कळत नाही. सरकारी दवाखान्यातून मिळालेलं कानाचं यंत्र बिस्किटाच्या डब्यात आहे, कारण ते लावलं की त्यांना पुन्हा लूमच ऐकू येतात म्हणे.

पण लूमवरची माणसं कानाने बोलतच नाहीत. त्या खडखडाटात ती ओठ वाचतात. पाठमोऱ्या माणसाला खांद्यावर थाप मारतात: एक थाप म्हणजे चहा, दोन म्हणजे तार तुटली, तीन म्हणजे सुट्टी, तुझी पाळी संपली. सुट्टीला मशीन बंद करायची नसते. एकाने हात काढायचा आणि पुढच्या पाळीवाल्याने घालायचा. लहानपणी डबा द्यायला जाऊन जाऊन मीही ओठ वाचायला शिकले. फक्त प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. त्यामुळे पापा, बाबा आणि मामा हे आमच्या लेखी एकच गृहस्थ.

दोन वर्षांपूर्वी साखरेने आप्पांचे डोळे धरले. पडद्याला इंजेक्शनं सुरू झाली. महिन्याच्या महिन्याला मीच घेऊन जायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर येणार नाही, आहे ती किती टिकेल तेवढं बघायचं. कान नाहीत, आणि अक्षरओळख सहीपुरती. डोळे गेले की या माणसाला काही सांगायची वाटच उरणार नव्हती. हे माहीत असून मी निघाले होते.

त्यात मी खोटं बोलले होते. आप्पांना सांगितलं, एकच वर्ष. ते म्हणाले, "एक वरीस ना? मंग जाय." करार तीन वर्षांचा होता, आणि त्यानंतरही परत यायचा माझा विचार नव्हता. आईला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, मी नाही सांगायची, तुझं तूच सांग. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज तोंडात मिठाची गुळणी. अखेर जायचा दिवस उजाडला.

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याहून डुमस रोडच्या विमानतळापर्यंत रिक्षावाला चारशे मागतो, साडेतीनशेला येतो. तासभर धरा. सोबतच्यांना दारापर्यंतच सोडतात, पुढे काच. आत गेल्यावर लोक काचेआडून हात हलवतात, उगाच ओरडतात, बाहेरच्यांना काही ऐकू येत नाही. मला हसू आलं. म्हटलं, काचेतून बोलावं तर आम्हीच! बाहेर येऊन मोठ्या बॅगेतल्या बिबड्या आईकडे परत देत मी बॅग हलकी केली, पुन्हा आत आले, कठड्यापलीकडच्या आप्पांकडे वळले आणि ओठ नीट हलवून सांगितलं, "आप्पा, एक वर्ष नाही. मी तिकडेच राहणार आहे. मला माफ करा."

आप्पांनी दोनदा मान हलवली आणि हात वर केला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. दिल्लीपर्यंत मी चक्क झोपले.

दिल्लीहून पुढे नऊ तासांचं विमान. नवख्यांसाठी सल्ला: पंखाजवळची सीट मिळाली तर कुरकुरू नका. इंजिनाच्या आवाजाने आजूबाजूचे सगळे कानात बोळे घालत होते. मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं, कारण आमची खोली कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून आहे. पंचाईत एवढीच की आमच्या घरात कुजबुज हा प्रकार नाही. मी शेजारच्या काकींना "पट्टा लावून देऊ का?" असं विचारलं आणि पुढच्या तीन रांगांनी आपापले पट्टे तपासले.

काकी सुरतेच्याच, कतारगामच्या, मुलाकडे निघालेल्या. गुडघे दुखत होते म्हणून त्यांनी पाय माझ्या पिशवीवर ठेवले आणि त्याच्या बदल्यात मला खाकरा दिला. पलीकडच्या रांगेत एक नवं जोडपं भांडत होतं. आवाज पोचत नव्हता, पण मला काय? बाई नवऱ्याला म्हणत होती की तुझ्या आईने माझं माप काढलं. की पाप काढलं? ब्लाउजचा विषय होता की चारित्र्याचा, ते नऊ तासांत ठरलं नाही. जेवण आलं तेव्हा मी हवाई सुंदरीचे ओठ वाचून मोठ्या विश्वासाने मान हलवली आणि समोर उकडलेला मासा आला. आम्ही माळकरी! काकींनी तो रुमालाने झाकून ठेवला, मयतासारखा.

जेवणं झाल्यावर काकींनी विचारलं, वडील रडले का? मी कौतुकाने काचेची सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, समजलं त्यांना. मान हलवली ना.

काकी खाकरा मोडत म्हणाल्या, "मारा ए पण बधी वातमां हा पाडे. सांभळे कंई नहीं."

म्हणजे त्यांचे मिस्टरही सगळ्याला हो म्हणतात, ऐकत काही नाहीत. त्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता थांबले.

तेवढ्यात दिवे मंद झाले. तीन रांगा पुढून हवाई सुंदरी मला काहीतरी विचारत होती, आणि धडधाकट डोळ्यांनी मला तिचे ओठ दिसेनात. मी ती तीन रांगांची जागा मोजली. मग काच, ट्रॉल्यांची रांग आणि कठडा मोजला. दुप्पट तरी होत होतं. आप्पांच्या शेवटच्या तपासणीला त्यांच्यासमोर बोटं वर धरून मीच उभी होते, आणि कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: एक मीटरपर्यंत बोटं मोजता येतात. पेशंट मान हलवतो म्हणजे त्याला समजलं असं धरू नका, त्याच्याकडून परत वदवून घ्या, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. मी बापाकडून वदवून घेतलं नाही. सोपं गेलं म्हणून घेतलं नाही, हे खरं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

उरलेले पाच तास मी सीटमागच्या पडद्यावर छोटं विमान सरकताना बघत बसले. काकी माझ्या खांद्यावर घोरत होत्या. उतरल्यावर विमान थांबायच्या आधीच सगळे उठून बॅगा काढू लागले, जसं काही उशीर झाला तर देश भरून जाईल. मी सगळ्यांत शेवटी उतरले.

जर्मनीबद्दल फार लिहीत नाही. रस्ते स्वच्छ आहेत, भाजी महाग आहे, माणसं हळू बोलतात. व्हिडिओ कॉल केला की आप्पा फोन इतका जवळ धरायचे की स्क्रीनभर त्यांचा एक डोळा दिसायचा. मी ओठ हलवून सांगू पाहायचे. तो डोळा इकडून तिकडे फिरायचा. मग त्यांचा दणदणीत आवाज यायचा, "कव्हय येशी?" मी गेल्यावर त्यांनी दोन इंजेक्शनं चुकवली. आईने ओढून नेलं, तोवर उशीर झाला होता. वर्ष उलटल्यावर प्रश्न बदलला. "वरीस भरनं ना?" पुढे डोळा स्क्रीनवर यायचा बंद झाला.

चौदा महिन्यांनी वीस दिवसांची रजा मिळाली. घरात शिरले तेव्हा आप्पा दाराकडे तोंड करून खाटेवर बसले होते आणि मी समोर उभी राहिले तरी दाराकडेच बघत होते. मी त्यांचा हात माझ्या चेहऱ्यावर ठेवला. त्यांनी नाक चाचपलं, कानातला डूल चाचपला आणि आईला हाक मारून सांगितलं की पोरगी आली, आता हिचं सामान आतल्या कपाटात लाव. आई माझ्याकडे बघत राहिली. तिने एक कप्पा खरोखर रिकामा करून ठेवला होता.

वीस दिवस मी प्रयत्न केला. कानाशी ओरडले, तर कारखान्यातली माणसं बाहेर आली. तळहातावर बोटाने लिहिलं, तर त्यांना गुदगुल्या झाल्या. शेवटच्या सकाळी मी त्यांच्या मागे उभी राहिले. खांद्यावर हात ठेवला, आणि लक्षात आलं की लूमवरच्या माणसांकडे 'मी चालले' याला थापच नाही. न सुचून मी एक थाप मारली.

"चहा? आत्तेच ते लिधा," आप्पा म्हणाले. नुकताच घेतला होता खरा.

मी दोन थापा मारल्या. तार तुटली. ते वळले. हात पुढे करत अंदाजाने पुढे आले, आणि त्यांचा हात माझ्या खांद्याच्या पट्ट्यावर पडला. प्रवासाची बॅग पाठीवर होती. त्यांनी पट्टा चाचपला, बकल चाचपलं, मागे हात नेऊन बॅगेचं वजन जोखलं. बाहेर लूम चालू होते.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर सावकाश तीन थापा मारल्या आणि हात काढून घेतला.