आळीचं तपेलं, हस्ते मी

आमच्या आळीत लग्नाचा भात शिजेल एवढं मोठं भांडं नव्हतं. ते पलीकडच्या आळीतून मागून आणावं लागे. भांडं त्या आळीतल्या सगळ्यांच्या मालकीचं, त्यामुळे आणायला जाणाऱ्यानं तिथल्या प्रत्येक घरात आमंत्रण करून यायचं, असा रिवाज पडला होता. परिणामी आमच्याकडच्या लग्नात घरची माणसं ऐंशी आणि भांड्याची माणसं साठ असत. ही भांड्याची माणसं पोटभर जेवत, ओटीवर बसून पान खात आणि उठताना सांगून जात, "चिंचेनं घासून द्या हो, मागच्या खेपेला कड काळी राहिली होती."

शेवटी आमच्या आळीनं मनावर घेतलं. सत्तावीस-अठ्ठावीस सालची गोष्ट असावी. ज्याचे जेवढे माड त्या मानानं वर्गणी असं ठरलं आणि नारळ-सुपारीच्या पैशातून एक बेताची रक्कम उभी राहिली. मुंबईला जाऊन तांब्याचं तपेलं आणायचं होतं. ते कोणी आणायचं, यावर देवळात बैठक बसली. मी त्याच वर्षी मॅट्रिक झालो होतो. आळीतला पहिलाच. त्या दिवसांत मी सल्ला देत नसे असा विषय नव्हता, आणि तांब्याच्या भांड्यांबद्दल मला काही कळत नाही हे मला सोडून सगळ्यांना माहीत असावं. पण कोणी बोललं नाही.

बोलले फक्त आबा. आबा आमच्या आळीचे आचारी. बारा महिने काथ्या वळायचे, पण लग्नसराई आली की त्यांच्याशिवाय कोणाच्या मांडवात चूल पेटत नसे. भात किती लागेल हे ते माणसं मोजून नव्हे, तर व्याह्यांची तोंडं बघून सांगत, आणि तो उरतही नसे, कमीही पडत नसे. त्या बैठकीत ते खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "मला संगती घेऊन चल. मी हात लावून बघीन. आणि पैसं पुरलं न्हाय तर बारकं घ्या, दोन वेळा भात घालू. पातळ तेवढं घेऊ नका."

मी उभा राहून हिशेब मांडला. रेवसपर्यंत बैलगाडी, तिथून भाऊच्या धक्क्यापर्यंत बोट, जायचं-यायचं मिळून दोन माणसांचं भाडं म्हणजे तपेल्यातलं केवढं तरी तांबं पाण्यात. एकटा गेलो तर तेवढं तांबं जास्त येईल. बैठकीला हे पटलं. आबा म्हणाले, "बरं हाय, मॅट्रिकवाले." ते टोचून बोलले होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी मी तो मान समजलो.

मुंबईच्या भांडीबाजारात, तांबाकाट्यावर, मी सकाळी पोचलो. रस्ताभर ठोक्यांचा आवाज, दोन्ही अंगांना भांड्यांच्या उतरंडी. ज्या दुकानात शिरलो तिथला शेठ गुजराती, गादीवर बसलेला, घाई नसलेला. मी रक्कम सांगितली. त्यानं दोन तपेली पुढं ठेवली. एक बसकं, जाड, वर्ण काळपट. दुसरं त्याच्या दुप्पट-अडीचपट, आतून कल्हई चांदीसारखी. तेव्हा भांडी शेराच्या भावानं विकली जात. त्यानं दोन्ही काट्यावर चढवली, आणि वजन जवळपास सारखंच भरलं.

इथं माझ्यातला मॅट्रिक जागा झाला. भाव शेरावर, वजन सारखं, म्हणजे किंमत सारखी. मग एकात शंभर माणसांचा भात आणि दुसऱ्यात अडीचशेंचा, तर शहाण्यानं कोणतं घ्यावं? मला वाटलं, या शेठला वजन कळतं पण आकारमान कळत नाही. एवढी वर्षं हा माणूस मोठी भांडी लहान भांड्यांच्या किमतीला विकतोय आणि याला कोणी हटकलेलं नाही. चेहऱ्यावर काही न दाखवता मी मोठ्यावर हात ठेवला. शेठनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"भाई, मोटा पायजे का चांगला पायजे?"

मी म्हणालो, मोठं. तो म्हणाला, रोज चूल लागणार असेल तर लहान घेऊन जा. मला वाटलं, चूक लक्षात आली वाटतं याच्या, आता फिरवतोय. मी हट्टानं मोठंच घेतलं. घासाघीसही केली नाही, न जाणो त्याचं मन बदललं तर. तेवढंच तांबं दुप्पट जागेत पसरायचं तर ते कागदासारखं होणार, हे गणित पाचवीच्या पोरालाही सुटलं असतं. पण मी पाचवीच्या पुष्कळ पुढं गेलो होतो.

आता जे सांगतो ते आबा सोडून त्या बैठकीतल्या कोणालाही मी कधी सांगितलं नाही. आबांच्या भाड्याचे वाचवलेले पैसे मी तांब्यात घातले नाहीत. दुकानाबाहेर नावं घालणारा बसला होता. भांड्यावर आळीचं नाव तर घालायचंच होतं. त्याखाली मी त्याला "हस्ते" असं घालायला सांगितलं, आणि पुढं माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तो अक्षरावर पैसे घेई. माझं नाव चांगलं लांबलचक आहे. आबांचं जाणं-येणं बरोबर त्यात बसलं.

तपेलं गाडीतून आळीत आलं तेव्हा बायका ओवाळायला बाहेर आल्या. पलीकडच्या आळीतले तिघं-चौघं सहज म्हणून बघून गेले आणि जाताना फारसे बोलले नाहीत, याचा आम्हाला फार आनंद झाला. आबा सर्वांच्या शेवटी आले. वाकून आत हात घातला, बुडावर अंगठा दाबला, तसाच थोडा वेळ ठेवला. मग एका पोराकडून अक्षरं वाचून घेतली. त्यांना वाचता येत नसे. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मोठं हाय."

मी त्यावरही खूश झालो.

पहिलं लग्न आलं वैशाखात. आळीच्या शेवटच्या घरातल्या काकांना दोन मुली, त्यातल्या थोरलीचं. वऱ्हाड माणगावकडून येणार होतं. पलीकडच्या आळीला या वेळी मी मुद्दाम टेचात सांगून ठेवलं होतं की भांडी नकोत, तुम्ही नुसते जेवायला या. म्हणजे परतीची वाट मीच बंद करून ठेवली होती. काकांनी अडीचशे पानांचा भात एका दमात काढायला सांगितला. आबा म्हणाले की दोनदा करू, निम्मा-निम्मा. काका म्हणाले, एवढं थोरलं भांडं आणलंय ते बघायला का? मी मान डोलावली.

आबांनी त्या दिवशी काय काय केलं ते मी बघत होतो. लाकडं मागं ओढली. निखारे पसरून घातले. तांदूळ वैरल्यावर ते चुलाणापासून हलले नाहीत, दोन माणसांकडून तपेलं सारखं फिरवून घेत होते. पण पातळ बुडाला जिथं जाळ लागतो तिथंच तो लागतो, आजूबाजूला पसरत नाही. भात वर कच्चट आणि खाली कोळसा. आणि भाताचं असं आहे की एक मूठ करपली तरी वास सगळ्या तपेल्याला लागतो.

पहिली पंगत बसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन ओळीत फिरत होतो. नवऱ्या मुलाच्या मामांनी घास तोंडापाशी नेला, हुंगला आणि पानात परत ठेवला. भाताला वास येतोय, एवढंच ते म्हणाले. त्यांच्या शेजाऱ्यानंही हात थांबवला. मग पुढच्यानं. पंगतीतून ती शांतता सरकत गेलेली मला आजही दिसते. काका धावत चुलाणाकडे गेले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात आबांना बोलले. म्हातारपणी नाक गेलं असेल तर तसं सांगायचं, माझ्या मुलीच्या लग्नात कशाला करून दाखवलंत. आबा झारा हातात धरून उभे होते. त्यांनी एकदा मांडवावरून नजर फिरवली. ती माझ्यावर आली तेव्हा माझ्या तांब्यातलं पाणी संपलं.

खरं म्हणजे संपलं नव्हतं. अर्धा तांब्या होतं. मी ते केळीच्या बुडाशी ओतलं आणि विहिरीवर गेलो, आणि पंगत उठल्याचा आवाज येईपर्यंत रहाटाशी खेळत बसलो.

त्यानंतरच्या कार्याला आबांना कोणी बोलावलं नाही. भांडण नाही, काही नाही. फक्त बोलावलं नाही. आषाढात एकाच्या घरी मुंजीनंतरची पूजा झाली, तिच्या स्वयंपाकाला बाहेरचा माणूस आणला. आबा ओटीवर काथ्या वळत बसलेले दिसत. त्यांच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मी बंदराकडे जायला वाडीतून मागची वाट धरू लागलो. ती चिखलाची होती. दोन वहाणा गेल्या.

मग एके दिवशी दुपारी गेलो. त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. शेठ काय म्हणाला, मी काय समजलो, काही गाळलं नाही. नाव घालण्याचे पैसे कुठून आले तेही सांगितलं. आबांचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्याकडे जवळजवळ शाबासकीच्या अपेक्षेनं बघितलं.

"मला म्हायती हाय," आबा म्हणाले. "अंगठा लावला तवाच कळलं. मला कशाला सांगतोस? ज्यांना म्हायती न्हाय त्यांना जाऊन सांग."

गेलो. पुढच्या बैठकीत उभा राहिलो. पण माझ्या जिभेला एक खोड आहे, तिला लाज वाटली की ती गंमत करू लागते. मी बोटांनी शेठचा चष्मा केला, त्याचा आवाज काढला, माझा गणिती चेहरा करून दाखवला. बैठक पोट धरधरून हसली. हसणं ओसरल्यावर एक वडीलधारे डोळे पुसत म्हणाले, "पोरगा मनाचा मोठा हो. म्हाताऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय." माझ्या वडिलांची छाती फुगली. मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. घरी आल्यावर आईनं माझ्या आवडीचं सांदण केलं, आणि मी ते खाल्लं. तीन खाल्ली.

मार्गशीर्षात काकांच्या धाकटीचं लग्न निघालं. रेवदंड्याहून आचारी आणला. दांडगा, तोंडाळ माणूस. आल्या आल्या त्यानं तपेल्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि म्हणाला की यात मी भात करणार नाही. माझं नाव जाईल. हे भांडं आहे का पापड? कोणी आणलं? मग खाली वाकून त्यानं स्वतःच अक्षरं वाचली, मोठ्यानं, माझ्या वडिलांच्या नावासकट.

काका तपेल्याकडे बघत होते. ते म्हणाले, "मग आमच्या आबांनी हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

आजही मला वाटतं, हे वाक्य आलं नसतं तर मी त्या दिवशीही विहिरीवर गेलो असतो. पण हे ऐकून पाय हललेच नाहीत. मी म्हणालो, "सांगितलं होतं. भांडं आणायच्या आधी, भर बैठकीत सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

एवढंच बोललो. कोणाचा आवाज काढला नाही. कोणी हसलं नाही. वडील उठून वाडीत गेले.

काका तसेच, डोक्याला मुंडासं न बांधता, आबांच्या घरी निघाले. मी मागून. काकांनी ओटीच्या पायरीवर उभं राहून हात जोडले आणि म्हणाले की चला, भात तुमच्याच हातचा व्हायला पाहिजे. आबांनी त्यांना पाणी दिलं. म्हणाले की त्या रेवदंड्याच्या माणसाला बोलावून आणलंय, आता त्याला चुलाणावरून उठवायचं म्हणजे त्याचीही तीच गत करायची. मी जेवायला येईन. मग त्यांनी काथ्या पुन्हा हातात घेतला.

पलीकडच्या आळीतून भांडी मागवली. आमंत्रणं करायला अर्थातच मला पाठवलं. घरोघर हसून विचारलं गेलं की तुमचं थोरलं तपेलं कुठं गेलं, आणि प्रत्येक घरी मी खरं ते सांगितलं. साठ माणसं म्हणजे बारा घरं. बाराव्या घरापर्यंत गोष्टीतली सगळी गंमत झिजून गेली होती.

आबा पहिल्याच पंगतीला आले, धुतलेलं धोतर नेसून. आळीच्या लग्नात पान मांडून जेवायला बसलेले त्यांना मी प्रथमच बघत होतो. बसायचं कसं ते त्यांना नीट जमत नव्हतं. भात वाढायला मीच होतो. त्यांनी पहिला घास घेतला. शेजारपाजारचे हात थांबलेले होते, सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते सावकाश चावून म्हणाले, "भात बेस झालाय. आचाऱ्याला सांग जा."

मी चुलाणाकडे गेलो आणि सांगितलं. रेवदंडेकर घाम पुसत म्हणाला, कोण म्हणालं?

"आमचे आचारी," मी म्हणालो. पण चुलाणावर तो होता, आणि आमचे आचारी पंगतीत बसले होते. पुढच्या लग्नसराईला काकांनी, माझ्या वडिलांनी, सगळ्यांनी त्यांना बोलावलं. धूर सोसत नाही आता, असं सांगून त्यांनी एकेकाला परत पाठवलं.