बाबांनी म्हाळाला येतो म्हणून कळवलं

माझ्या वडिलांनी स्वतःच्या म्हाळाला येणार असल्याचं मला लेखी कळवलं होतं. 'आमंत्रणाबद्दल आभार. वेळेवर पोहोचेन,' असा त्यांच्या नंबरवरून मेसेज आला, तेव्हा मी मरोळच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. आधी पडवळाची भाजी घशात अडकली. मग अंगावर काटा आला. आणि मग, खोटं कशाला बोलू, मनात विचार आला तो हा की, हे बाबा नव्हेत! बाबा आयुष्यात कुठे वेळेवर पोहोचले नाहीत.

बाबांना जाऊन वर्ष उलटलं होतं आणि पितृपक्षात त्यांचा पहिला म्हाळ घालायचा होता. आम्ही मूळचे मालवणकडचे, आता मुलुंड पूर्वेचे. आमच्यात म्हाळ म्हणजे भाऊबंदांना जेवायला बोलवायचं, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि खीर करायची, आणि सगळ्यांच्या आधी एक पान गेलेल्या माणसासाठी बाहेर ठेवायचं. त्याला वाडी म्हणतात. वाडी ठेवायची आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला तर माणूस तृप्त. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय.

बाबांचं काय राहिलंय, ते आईला पक्कं ठाऊक होतं. वसंतकाका! बाबांचा धाकटा भाऊ, राहायला बोरिवलीला, गोराईच्या बाजूला. गावच्या गणपतीत मूर्तीच्या डोक्यावर पानाफळांची माटवी बांधतात. तिच्यात नारळ मधोमध टांगायचा की कडेला, यावरून दोघा भावांचं वाजलं. (दोघंही तेव्हा आजोबा झालेले होते. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल लहान असतील.) त्यानंतर बोलणं बंद. बाबा गेले तेव्हा काका आला, लांब उभा राहिला आणि कोणाशी अक्षर न बोलता निघून गेला.

"संज्या, वसंताक तू स्वतः जावन सांग," आईने मला बजावलं. "फोनार नको. त्या मेसेजार तर नकोच नको. भाव इल्याशिवाय हेंचो कावळो शिवाचो नाय."

"जातो गं."

"कधी?"

"रविवारी."

रविवार आला की मला मुलुंड ते बोरिवली हे अंतर आठवायचं आणि पाय जड व्हायचे. अंतराचं निमित्त. खरी गोष्ट अशी, की मी काकाला घाबरतो. लहानपणी त्याने मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं आहे. मला अजून पोहता येत नाही, पण काका समोर आला की हातपाय आपोआप हलायला लागतात.

अशा वेळी माझी मुलगी ऋता मदतीला धावली. तिने माझ्या फोनवर एक एजंट बसवला.

"पप्पा, हा नुसता उत्तरं देत नाही हां. स्वतः माहिती शोधतो, मेसेज वाचतो, लोकांना कळवतो, ऑर्डर देतो. तू फक्त काय हवंय ते बोलायचं."

"एजंट?" आई आतून ओरडली. "पुन्हा पॉलिसी घेतलंस काय रे?"

ऋता गोड मुलगी आहे. तिने तोच एजंट घरातल्या सगळ्या फोनवर बसवला. सगळ्या म्हणजे सगळ्या! बाबांचा फोन अजून चालू होता. बँकेचे आणि गॅसचे मेसेज त्याच्यावर येतात, शिवाय तो बंद करायला आईचा ठाम विरोध. शोकेसमध्ये बाबांच्या फोटोशेजारी तो कायम चार्जिंगला लावलेला असतो. फोटोला हार, फोनला वायर. ऋताने त्याचंही कल्याण केलं.

मी एका सकाळी बूट घालता घालता माझ्या एजंटला फर्मावलं, "पितृपक्षात वडिलांचा म्हाळ आहे. काय असतं त्याची माहिती काढ. नातेवाइकांना बोलव. वडिलांच्या आवडीनिवडी बघून जेवण सांगून टाक."

दुसऱ्या पायात बूट चढायच्या आत उत्तर आलं. त्याने इंटरनेट पालथं घालून काढलेला निष्कर्ष असा होता: 'म्हाळ: वडिलांप्रती आदर व्यक्त करण्यासाठीचे कौटुंबिक भोजन. प्रमुख पाहुणे: वडील. पुढील कार्यवाही करू का?'

हे मी वाचलं असतं तर! पण मी खाली फक्त 'मंजूर' दिसलं ते दाबलं आणि बस पकडायला पळालो. मनात म्हटलं, चला, काकालाही तोच कळवेल. विहीर टळली!

त्या दुपारीच डबा खाताना बाबांचा होकार आला. मी ऋताला फोन लावला. तिने दोन मिनिटांत उलगडा केला.

"अय्यो पप्पा! तुझ्या एजंटने आजोबांना इन्व्हाइट केलं आणि आजोबांच्या एजंटने ॲक्सेप्ट केलं. दोघं आपापसात बोलतायत. कसलं क्यूट ना!"

"क्यूट काय? थांबव ते! आणि आजीला यातलं काही कळता कामा नये."

"थांबवलं."

तिने थांबवलं होतं, यात खोटं नाही. पण तोवर ती दोन्ही यंत्रं आपली कामं उरकून मोकळी झाली होती. आणि मी? मी नेमकी कोणती कामं, हे विचारलंही नाही. मला वाटलं, प्रकरण झाकलं गेलं. झाकलेल्या गोष्टी मला फार आवडतात.

म्हाळाचा दिवस उजाडला. आईच्या गुडघ्यांमुळे या वेळी सगळा स्वयंपाक कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येणार होता. डबे आले. माझी बायको सुजाताने पहिलं झाकण उघडलं आणि लगेच परत लावलं.

"अहो, इकडे या जरा. हे काय आहे?"

उकडलेला दुधी होता. दुसऱ्या डब्यात बिनतेलाचे फुलके. तिसऱ्यात ओट्सची खीर, बिनसाखरेची.

मी केंद्राच्या बाईंना फोन लावला. "बाई, वडे कुठायत?"

"वडे? तुमचाच मेसेज आला ना, वडिलांना शुगर आहे, कोलेस्टेरॉल आहे, तळकट आणि गोड अजिबात नको! मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला हो. म्हटलं, याला म्हणतात मुलगा! नाहीतर आजकाल कोण एवढं बघतं आईबापाचं?"

मी फोन ठेवला. ऋता मान खाली घालून दोन्ही एजंटांचा पत्रव्यवहार वाचत होती. माझ्या एजंटने विनम्रपणे विचारलं होतं, 'आपल्या आहारात काही पथ्ये आहेत का?' बाबांच्या एजंटने बाबांच्या फोनमधली डॉक्टरांची जुनी सगळी सूचनापत्रं वाचून उत्तर दिलं होतं, 'तळलेले व गोड वर्ज्य. दुधी उत्तम. जेवण लवकर आटोपावे, मला दुपारी झोपण्याची सवय आहे.' त्यावर माझा एजंट: 'आपल्या प्रकृतीस आराम पडो. आपल्या परिचितांना आपणच कळवावे.'

"वडे खंय आसत रे?" आईने विचारलं.

सुजाताने डबा मागे सरकवला. आईने स्वतः डबा उघडला. आयुष्यभर ज्या माणसाने दुधी ताटात दिसला की ताट सरकवलं, त्याच्या पहिल्या म्हाळाला दुधी! आईने झाकण परत लावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक गृहस्थ, हातात पुष्पगुच्छ, काखेत शाल.

"मी पेडणेकर! दत्तारामबरोबर मरोळच्या कारखान्यात होतो. कुठाय आमचा सत्कारमूर्ती? मेसेज आला आणि एवढा आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, रिटायर झाल्यावर विसरला वाटतं, पण नाही, आठवण ठेवली पठ्ठ्याने!"

मी बाजूला झालो. समोर शोकेसमध्ये हार घातलेला फोटो होता. पेडणेकरांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"कधी?"

"वर्ष होऊन गेलं."

"मग परवा मला 'अवश्य येणे' कोणी पाठवलं?"

मी सांगायला सुरुवात केली, पण एजंट, इंटरनेट असले शब्द ऐकून त्यांचा चेहरा आणखीच पडला. ते हळूच खुर्चीत बसले आणि डोळ्यांच्या कडेने फोटोकडे बघत राहिले. नंतर काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी ती शाल उलगडली आणि माझ्या खांद्यावर घातली. "आणलीच आहे तर!" म्हणाले.

तिथी कोणासाठी थांबत नाही, म्हणून आईने आहे तेच पान वाढलं आणि आम्ही सगळे बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. पुढे आई, मागे सुजाता पान घेऊन, तिच्यामागे चार्जर काढलेल्या फोनसारखी मान टाकून ऋता, मग पुष्पगुच्छासकट पेडणेकर, आणि शेवटी सत्काराची शाल पांघरलेला मी. समोरच्या बिल्डिंगमधून लोक बघत होते.

पान कठड्यावर ठेवलं. पितृपक्षात मुलुंडच्या कावळ्यांना उसंत नसते, तरी एक आला. त्याने दुधी बघितला. मान तिरकी केली. मग माझ्याकडे बघितलं आणि उडून गेला! दुसरा आला, त्याने तर खाली उतरायचेही कष्ट घेतले नाहीत.

"वसंताक सांगितलंस मा तू?" आईने कावळ्यावरची नजर न हलवता विचारलं.

"निरोप गेलाय."

"गेलो म्हणजे? तू गेलंस काय निरोप गेलो?"

मी शाल घट्ट ओढून घेतली. माझ्या आळसापायी बाबा उपाशी बसलेत, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी हात जोडून मनात म्हटलं, बाबा, या वेळी सांभाळून घ्या, पुढच्या रविवारी नक्की जातो. हे मी नेहमीच म्हणतो, हे बाबांनाही माहीत असणार. तिसरा कावळा आलाच नाही.

आणि गच्चीच्या दारात वसंतकाका उभा राहिला! घामाने निथळलेला, हातात स्टीलचा डबा. माझे हातपाय हलायला लागले.

"दादान बोलावल्यान," काका धापा टाकत म्हणाला. "म्हणान इलंय."

त्याने फोन आईपुढे धरला. मी मागून वाचलं. बाबांच्या नंबरवरून, बाबांच्या हसऱ्या फोटोसकट: 'प्रिय वसंत, माझ्या सन्मानार्थ भोजन ठेवले आहे. तुझी उपस्थिती प्रार्थनीय आहे. दत्ताराम.' खाली काकाने लिहिलं होतं, 'दादा, तू खंय आसस?' आणि त्यावर बाबांच्या एजंटचं उत्तर: 'मी सध्या उपलब्ध नाही. लवकरच भेटू.'

"लवकरच भेटू!" काका ओरडला. "वैनी, तां वाचल्यापासून माझो बीपी खाली येवक नाय! बायको म्हणाली, तुमका घेवकच इलो, आधी जावन भांडण मिटवून येवा."

"आणि तुका खरां वाटलां?" आई म्हणाली.

"दादा 'प्रार्थनीय' म्हणाचो नाय, 'मेल्या, येतंस काय नाय' म्हणाचो, ह्यां माका कळाक होया होतां. पण म्हटलां, वर जावन सुधारलो आसात!" मग त्याची नजर कठड्याकडे गेली. "ह्यां काय? दुधी? दादाक दुधी कोणी घातल्यान?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पेडणेकरांनीसुद्धा.

काकाने तो दुधी उचलून बाजूला केला आणि आपला डबा उघडला. काकूने पहाटे उठून तळलेले वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, गुळाची खीर. पान नव्याने वाढलं. मग कठड्यापाशी उभं राहून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण सगळ्यांना ऐकू गेलं, तो म्हणाला, "दादा, नारळ मधोमधच बरो दिसता. तुझां खरां. आता खा."

तो हात मागे घेतोय तोच कावळा येऊन वडा घेऊन गेला. आईने पदर डोळ्यांना लावला. पेडणेकरांनी टाळ्या वाजवल्या, मग लक्षात येऊन थांबले आणि पुष्पगुच्छ काकाला देऊन टाकला.

जेवणं काकाच्या डब्यावर झाली. दुधी मी एकट्याने खाल्ला. ती शिक्षा मी स्वतःच स्वतःला केली, पण आईने दुसऱ्यांदा वाढला तेव्हा शंका आली. जाताना काका दारात थांबला आणि माझ्या खांद्यावरची शाल नीट करत म्हणाला, "माका बोलवूक मेलेलो बापूस लागलो. तू जितो आसून काय करी होतंस रे?"

"पुढच्या रविवारी येतो," मी म्हणालो.

तेव्हापासून आई मला एकही काम सांगत नाही. बाबांचा एजंट तिने ऋताकडून परत चालू करून घेतला. तिचं काही असलं, औषधं, डोळ्यांचा डॉक्टर, गावची गाडी, की ती शोकेससमोर उभी राहते आणि बाबांच्या फोनला सांगते. ("जिते आसताना एक काम धड केल्यानी नाय, आता बघ कसे हाकेक ओ देतत!") कामं होतातही. परवा ऑफिसात डबा खाताना मला मेसेज आला: 'आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे आहे. कृपया रविवार म्हणू नये. दत्ताराम.'

मी डबा तसाच बंद करून घरी निघालो. बाबांना उलट उत्तर द्यायची हिंमत मला ते हयात असताना कधी झाली नाही, आता तर ते वेळेवर यायला लागलेत!