हाक देऊन येणारा

कोपऱ्यावर वळण्याआधी तो थांबायचा आणि मोठ्यानं ओरडायचा, "मी येतोय हो!" मगच पाऊल पुढं टाकायचा. हळद निवडणाऱ्या बायका हसायच्या. "आला बघा मिलचा भोंगा," ताराक्का म्हणायची. मीही हसायचो. तो का ओरडतो, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. बायकांना मी काही सांगितलंच नव्हतं. चूक तिथं झाली, आणि ती माझी होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याकडे मी दिवाणजी होतो. हरिपूरच्या पेवांवर माझी देखरेख असायची. पेव म्हणजे जमिनीखालचं हळदीचं कोठार. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, पोट खोलीएवढं. आधी पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला नाही, तरच कमरेला दोरी बांधून माणूस उतरायचा. वरच्यांनी ओढल्याशिवाय त्याला वर येता येत नसे. हे उतरायचं काम त्या हाक देणाऱ्याकडे होतं.

तो माण तालुक्यातला. गावातल्या एका मुलीवर बलात्कार केला म्हणून शिक्षा भोगून आलेला. आळ खोटा नव्हता. "केलंय मी," एवढंच म्हणायचा आणि मान खाली घालायचा. बाईमाणसाला आधीच सावध करायला ती हाक असायची. गावानं त्याला उभं केलं नाही. माझ्या दहिवडीच्या मेहुण्यानं त्याला माझ्याकडे धाडलं.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "दिवाणजी, बायास्नी सांगून टाका. मागनं कळलं तर लय वाईट."

"काम पाहिजे ना? मग तोंड मिटून राहा."

मला वाटत होतं, मी उपकार करतोय. तुम्हीही कदाचित तेच केलं असतं.

दुपारी तो लांब झाडाखाली कोरडी भाकरी खायचा. ताराक्का त्या बायकांची मुकादम. एक दिवस तिला राहवलं नाही. "आरं, उद्यापास्नं माझी पोरगी कालवण घिऊन यील तुझ्याकडं."

"पोरीला धाडू नगा, अक्का."

"का रं? आमचं कालवण आळणी लागतंय व्हय?"

तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. आणि गाडी भरायची राहिली होती म्हणून पेवात उतरला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दोरी धरणारे दोघे दोरी टाकून बाजूला झाले. "ऱ्हाऊ दे तितंच," एक जण म्हणाला. खालून त्याचा आवाज आला, "वढा!" कुणी हललं नाही. मीही नाही.

ताराक्कानं दोरी उचलली. "चला गं, हात लावा." बायकांनी त्याला ओढून काढलं. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालेला. अक्का त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जित्ता वर काडला. आता हितनं जा. पोरीबाळी हायत आमच्या."

"व्हय, अक्का."

मग ती माझ्याकडे वळली. "त्यानं सांगितलं. तुमी का न्हाई?"

"त्याला एक संधी मिळावी म्हणून..."

"मग आमाला इचारायचं. न्हाई म्हटलं असतं, न्हाईतर लांब बसून काम करू दिलं असतं. तुमी इचारलंच न्हाई."

पुढं तो शिरवळला एका कारखान्यात लागल्याचं कळलं. मी भेटायला गेलो. दोन ठिकाणी खरं सांगितल्यावर हाकललं होतं, तिसऱ्या मालकानं ऐकून घेऊन ठेवलं होतं. मी माफीचं बोलू लागताच त्यानं हात वर केला. "माझी नगा मागू. मी कोण हाय, ते मला ठाऊक हुतं. त्या बायास्नी न्हवतं."

नंतर तो कारखाना बंद पडला. तो कुठं गेला, कुणालाच सांगता आलं नाही.

त्यानं असं सांगूनही अक्काकडे जायचं धाडस व्हायला मला फार दिवस लागले. गेलो तेव्हा ती सुपात हळद पाखडत होती, भोवती बाकीच्या बायका. सगळ्यांसमोर म्हणालो, "अक्का, धोका तुमच्या लेकीबाळींना होता आणि ठरवून टाकलं मी. त्याला खरं बोलू दिलं नाही, तुम्हांला अंधारात ठेवलं. माझं चुकलं. मला माफ करा."